केटरमनचं ताट

“ताट एक जास्तीचं मांडत जा, ऑर्फा. एखादा केटरमन या दारातून आत येऊन त्यावर जेवला, की मग बंद कर. आणि हे बघ, टवका उडालेलं मांडू नकोस. नाहीतर म्हणतील, ट्रॉटरांनी फुटकं ताट दिलं.”

सासूबाईंचे हे शेवटचे नीट शब्द. त्यानंतर त्यांनी फक्त पाणी मागितलं, आणि एकदा कोंबड्या कोंडल्या का ते विचारलं. ऑर्फाने त्यांचा हात हातात धरून “हो” म्हटलं होतं. कशाला हो म्हटलं, ते तेव्हा तिला नीट कळलंही नव्हतं. पण मरणाऱ्या माणसाला दिलेला होकार परत कुणाला करायचा?

तेव्हापासून तिचा नेम चालू होता. सकाळी उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, ओळीने येणारं स्तोत्र मोठ्याने वाचायचं, आणि चहाचं पाणी ठेवण्याआधी ताटं मांडायची. नवरा होता तोवर तीन. एसा गेल्यावर दोन. एक तिचं, एक निळ्या काठाचं, कुठेही टवका नसलेलं. रात्री दोन्ही धुवायची. निळ्या काठाच्या ताटात कुणी जेवलेलं नसे, पण दिवसभर उघड्यावर राहिलेलं भांडं ते, धुवायला नको?

आता मे महिना सरत आला होता. शेवटच्या रविवारी डेकोरेशन. कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची, सगळ्या खोऱ्याने एकत्र जेवायचं. आणि सोमवारी लेक, लॉरेन, ओहायोहून गाडी घेऊन येणार होती, आईला कायमची घेऊन जायला. ऑर्फाच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

“भांडी फार आणू नकोस आई,” लॉरेन फोनवर म्हणाली. “ताट एक पुरे तुला.”

“दोन,” ऑर्फा म्हणाली.

“दुसरं कुणाला?”

“एक पाहुणा यायचा राहिलाय.”

लॉरेनने सुस्कारा टाकला, तो ओहायोहून इथवर ऐकू आला. फोन ठेवल्यावर ऑर्फा त्या ताटाकडे बघत बसली. कोलंबस शहरात, लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, कुठला केटरमन येणार होता? आणि मुळात बोलणं ‘या दारातून’ असं झालं होतं. रविवार गेला की दिलेला शब्द खोटा पडणार, सरळ होतं.

ट्रॉटरांचं घर रस्त्यावरून बघितलं तर चारचौघांसारखंच. पांढऱ्या फळ्या, हिरवा पत्रा, पुढे ओसरी. पण त्या फळ्यांच्या आत माणसाच्या कमरेएवढे जाड ओकचे ओंडके होते, आणि ओंडक्यांत बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेल्या जंग्या. चुलीमागच्या जंगीत ऑर्फा डाव अडकवायची. दुसरीत दर वसंतात एक चिमणुली घरटं करायची आणि पिल्लं उडेपर्यंत त्या भिंतीजवळ कुणी भांडं आपटायचं नाही, असा घरचा कायदा होता. हाच तो ट्रॉटरचा किल्ला. खाली रस्त्याच्या कडेला सरकारने लोखंडी पाटी उभारलेली होती, पण घराकडे बाण दाखवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पाटी वाचून लोक गाडीतून उतरत, किल्ला शोधत इकडेतिकडे बघत, आणि शेवटी समोरच्या, दीर क्लॉडच्या शेतातल्या चाऱ्याच्या उंच कोठाराचा फोटो काढून निघून जात. ऑर्फा खिडकीतून बघायची. सुरुवातीसुरुवातीला ती धावत जाऊन सांगायची. पुढे तिला वाटलं, एवढे आनंदात चाललेत, जाऊ देत.

पाटीवर लिहिलं होतं: ‘ट्रॉटरचा किल्ला. एझ्रा ट्रॉटर याने १७८१ मध्ये हे तटबंदीचे घर बांधले. शॉनींच्या हल्ल्याच्या रात्री खोऱ्यातील सर्व शेजाऱ्यांना येथे आसरा मिळाला.’

भांडण होतं ते ‘सर्व’वर.

केटरमन तेव्हा खोऱ्यात नुकते आले होते, आठवडाही झाला नव्हता. त्या रात्री कुणीतरी ओरडत आलं की शॉनी येतायत. खोरं मुळात शॉनी या आदिवासींच्या शिकारीचं, त्यात हे लोक न विचारता घरं बांधून बसलेले, तेव्हा भीती वाटायला कारण होतंच. सगळे एझ्राच्या घराकडे पळाले. केटरमनांची झोपडी सगळ्यांत लांब, म्हणून ते शेवटी पोचले, अंधारात, म्हातारी पाठुंगळीला घेऊन. त्यांनी हाका मारल्या, दार ढकललं. दार उघडेना. आतून कुणीतरी जोर लावून धरलंय, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. शेवटी ते ओढ्यात जाऊन दबून बसले. म्हातारीला सर्दी झाली, आणि पुढे जगली तितकी वर्षं ती त्या सर्दीबद्दल बोलत राहिली.

ट्रॉटर सांगत ते असं: आम्ही हाका ऐकल्या, लगेच उठलो, सगळ्यांनी मिळून दाराला जोर लावला. दार हलेना. शॉनींनी बाहेरून मोठा ओंडका लावून आम्हाला कोंडलं होतं. सकाळी मात्र दार बोटाने उघडलं. ओंडका कुठेच नव्हता. शॉनी जाताना घेऊन गेले असणार.

“ओंडका घेऊन गेले,” केटरमन म्हणत. “घरी लाकूड नव्हतं वाटतं त्यांच्या.”

शॉनी त्या रात्री खोऱ्यात आलेच नव्हते, असंही पुढे कळलं होतं. पण तोवर दोन्ही घरांना आपापली गोष्ट तोंडपाठ झालेली होती.

तेव्हापासून एकाही केटरमनने ट्रॉटरांचा उंबरा ओलांडला नाही. शेजार मात्र सोडला नाही. ट्रॉटरांचं गवत कापायला केटरमन येत, केटरमनांची गाय अडली की ट्रॉटर जात. देणंघेणं सगळं ओसरीवरच्या खिडकीतून. हॉबर्ट केटरमनने आपल्या लग्नाचा केक ऑर्फाच्या खिडकीतून खाल्ला होता. एसा गेला तेव्हा हॉबर्ट रात्रभर ओसरीवर घोंगडी पांघरून बसला, खिडकी उघडी ठेवून ऑर्फा आत बसली, आणि सकाळी शवपेटी दाराबाहेर आल्यावरच त्याने खांदा दिला. डेकोरेशनला तर मजाच. दफनभूमी घरामागच्या टेकाडावर, दोन्ही घरांची एकच. पण केटरमन अंगणातून न जाता कुंपणाच्या कडेने वळसा घालून चढत, आणि जेवायची वेळ झाली की फाटकाबाहेर पिकअपच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळत सोडून बसत. ऑर्फा थरांचा केक फाटकावरून त्यांच्या हातात द्यायची.

आणि पाटी. डेकोरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉबर्ट येऊन पाटीवर दाण्याचं रिकामं पोतं चढवायचा. रविवारी क्लॉड ते उपसून फेकायचा. सोमवारी ऑर्फा ते उचलून आणायची, धुवायची, इस्त्री करायची आणि घडी घालून केटरमनांच्या टपालपेटीत ठेवून यायची. हॉबर्ट पुढच्या वर्षी तेच पोतं आणायचा. इतकं जुनं झालं होतं ते, की इस्त्री बेताच्या आचेवर करावी लागे.

तर शनिवार दुपार. ऑर्फाने रुबार्बचे देठ साखर घालून मंद आचेवर ठेवले आणि आतल्या खोलीत चादरी खोक्यात भरायला गेली. चादरींमध्ये एसाचा एक मोजा सापडला. एकच. दुसरा शोधता शोधता ती पलंगावर टेकली, आणि मग जरा वेळ शोधायचंच विसरली.

धुराचा वास आला तेव्हा स्वयंपाकघर दिसेनासं झालेलं होतं. साखर जळून कोळसा झाली होती. खिडकी उघडावी तर खिडकीपुढे तिनेच खोक्यांची भिंत रचलेली. एझ्राने घराला दार एकच केलं होतं, शत्रूला एकच रस्ता मिळावा म्हणून. तिने ओल्या टॉवेलात पातेलं धरलं, कोपराने खिट्टी वर केली आणि खांद्याने दार लोटलं.

दार हललं नाही.

पुन्हा लोटलं. बोटभर सरकलं आणि परत आलं. ओलीने फुगलं असेल, असं वाटून तिने देवाचं नाव घेतलं आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. दार पुन्हा बोटभर गेलं, पुन्हा आलं. तिकडून ते रेटल्यासारखं होत होतं. बाहेर काहीतरी जड होतं.

बाहेर हॉबर्ट होता. तो पोतं घेऊन पाटीपाशी आला होता, धूर दिसला तसा पोतं टाकून वर धावला. सत्तरीचा माणूस, धावला म्हणायचं एवढंच. त्याने दाराला खांदा लावला. दार आत जाईना. मग जरा सैल झाल्यासारखं होऊन उलट त्याच्याच अंगावर येई. ऑर्फा आत दाराला टेकून पडलीय, असं त्याला वाटलं.

“ऑर्फा,” तो ओरडला, “जागची सरक. दाराशी पडलीयस तू.”

“कोण आहे?”

“हॉबर्ट.”

“काय करतोयस तिथे?”

“दार ढकलतोय.”

“मीसुद्धा,” ऑर्फा खोकत म्हणाली.

क्षणभर दोघंही थांबली नाहीत, ढकलतच राहिली.

“तू कशाला ढकलतेस?” हॉबर्ट म्हणाला.

“उघडायला.”

“मी उघडायला ढकलतोय. तू सोड.”

“तू सोड, हॉबर्ट. दार बाहेर उघडतं.”

“दारं आत उघडतात.”

“हे नाही उघडत. हात काढ, नाहीतर मी इथे धुरात मरेन, आणि उद्याच्या जेवणाला तुला कुणाला तोंड दाखवता यायचं नाही.”

हॉबर्टने हात काढले. दार धाडकन उघडलं, ओसरीच्या पायऱ्यांवरून हॉबर्ट मागे मागे जात लायलॅकच्या झुडपात बसला, आणि धुराच्या लोटातून हातात काळं पातेलं घेऊन ऑर्फा बाहेर आली. तिने पातेलं गवतात ठेवलं आणि ओसरीच्या खुर्चीत बसून आधी श्वास घेतला, मग देवाचे आभार मानले. तो क्रम देव समजून घेईल, असं तिला वाटलं.

हॉबर्ट झुडपातून उठला. टोपीवरची फुलं झटकायचं त्याला सुचलं नाही. तो दाराकडे बघत होता. मग जवळ गेला, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. वाकून बिजागऱ्या बघितल्या.

“हे कधीपासून?” त्याने विचारलं.

“एझ्राने बसवलं तेव्हापासून. चुलीचा दगड त्याने आधी बसवला, तो एवढा मोठा की दार आत फिरेना. मग बाहेर फिरवलं. सगळ्यांना माहीत आहे. त्या विमावाल्याला पायऱ्यांवरून खाली पाडलं नव्हतं का या दाराने?”

“सगळ्यांना माहीत आहे,” हॉबर्ट हळू म्हणाला. “आम्हाला कुणी सांगितलं?”

एवढी वर्षं ऑर्फा हे दार रोज उघडत होती. केटरमनांनी ते कधी उघडलंच नाही, आणि ओसरीवर बसले तरी तोंड खिडकीकडे करून, ही गोष्ट तिला आज पहिल्यांदा दिसली.

“माझे आजोबा सांगायचे,” हॉबर्ट म्हणाला, “आतून कुणीतरी जोर लावत होतं. दार बोटभर हलायचं आणि परत यायचं.”

“आमच्याकडे म्हणतात, बाहेरून.”

“बोटभर?”

“बोटभर.”

दोघांनी दाराकडे बघितलं. दार निमूट उघडं होतं.

“मग तो ओंडका?” ऑर्फा म्हणाली.

“तो आम्ही,” हॉबर्ट म्हणाला.

ऑर्फाला हसू आलं, पण तिने ते आवरलं, कारण हॉबर्टचं तोंड हसरं नव्हतं. तो ओसरीच्या कडेवर बसला. वाडवडिलांनी सांभाळून ठेवलेली वस्तू पेटीतून काढावी आणि ती रिकामी निघावी, तसं त्याचं झालं होतं.

“माझ्या बापाने निमोनियात सुद्धा तुमच्या शेगडीपाशी बसायला नकार दिला,” तो म्हणाला. “बाहेर उभा राहून खोकत होता. मी लहान होतो. मला वाटायचं, केवढा मानी माणूस.”

“मानी होतेच ते.”

“आणि मी. तुझ्या खिडकीतून लग्नाचा केक खाल्ला मी, ऑर्फा. नवी बायको शेजारी उभी. ती म्हणाली, यांच्या घरात साथ आहे का?” इथे मात्र त्याला हसू फुटलंच. तो हसायला लागला, ऑर्फाही लागली, आणि धुरामुळे दोघांच्याही डोळ्यांत आधीच पाणी होतं, त्यामुळे ते बरं झालं.

हसू ओसरल्यावर ऑर्फा उठली. “आत ये. धूर गेलाय. ताट मांडलेलं आहे.”

“कुणाचं?”

तिने सांगितलं. सासूबाईंचं शेवटचं बोलणं, रोजचा नेम, सोमवारची गाडी, सगळं. हॉबर्ट टोपी हातात फिरवत ऐकत राहिला. मग उंबऱ्याशी आला, एक पाय उचलला, आणि होता तिथे परत ठेवला.

“मला नाही जमायचं. पहिलं पाऊल लुडी आत्याचं.”

लुडी आत्या म्हणजे केटरमनांतली सगळ्यांत वडील, नव्वदी उलटलेली, आणि खोऱ्यातले दोन्ही पाद्री तिला घाबरून असत.

“मी आधी आत गेलो तर ती मला दफनभूमीत शेजारी जागा देणार नाही,” हॉबर्ट म्हणाला.

“मग उद्या तिला घेऊन ये. दार तिला दाखव. तिच्या हाताने उघडू दे.”

“दाखवेन. ती येईल की नाही, ते वेगळं. तिची एक अट आहे. लहानपणापासून ऐकतोय. म्हणते, पाटी आम्ही झाकायची आणि ट्रॉटरांनी उघडी करायची, हे फार झालं. एखाद्या ट्रॉटरने स्वतःच्या हाताने झाकली, तर मी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसेन.” तो कानामागे खाजवत म्हणाला, “असं कधी होणार नाही याची खात्री आहे, म्हणून म्हणते ती.”

ऑर्फाने खाली रस्त्याकडे बघितलं. पाटीच्या पायाशी पोतं पडलेलं होतं. उद्या सगळे ट्रॉटर येणार. क्लॉड पाटीच्या अक्षरांना दर वर्षी स्वतःच्या पैशाने काळा रंग देतो. तिला इथल्या माणसांबरोबर बसून जेवायचा हा शेवटचा रविवार होता, आणि क्लॉड चिडला की जेवत नाही, दुसऱ्यांनाही जेवू देत नाही.

“मी झाकेन,” ती म्हणाली.

“तू?”

“शब्द देते. ती यायच्या आत झाकलेली असेल.”

“ती म्हणेल, ऑर्फा कुठली ट्रॉटर? लग्न होऊन आलेली.”

“तिला सांग, माझा जन्म गेला हे दार ढकलण्यात. ट्रॉटर व्हायला आणखी काय करतात?”

हॉबर्टने टोपी घातली. तीत लायलॅकची फुलं अजून होती. जाताना तो पायरीवर थांबला. “जळलं ते काय होतं?”

“रुबार्ब.”

“आत्याला रुबार्ब आवडत नाही,” तो म्हणाला. “बरं झालं.”

संध्याकाळी क्लॉडचा फोन आला. “वहिनी, पोतं टाकून गेलाय तो, पण चढवलं नाही अजून. काहीतरी डाव आहे केटरमनांचा. पाटीवर लक्ष ठेव.”

“सकाळी तिकडेच जाणार आहे मी,” ऑर्फा म्हणाली. खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेमच होता. मग ती खाली जाऊन पोतं घेऊन आली, धुतलं आणि चुलीपाशी वाळत घातलं.

रविवारी ती उजाडताच उठली. गुडघे टेकायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. प्रार्थना झाली. मग नेमाप्रमाणे ओळीत आलेलं स्तोत्र वाचलं, आजच्या दिवसाला शोभेलसं दुसरं मुद्दाम निवडलं नाही. ताटं मांडली. निळ्या काठाचं ताट तिने उचलून उजेडात धरलं, कडेकडेने बोट फिरवलं. टवका नव्हता. लुडी आत्याला दात नाहीत हे आठवून थरांच्या केकचा मधला, सफरचंदाच्या रसाने भिजलेला तुकडा तिने वेगळा झाकून ठेवला.

मग इस्त्री तापवली. पोत्याच्या विरलेल्या जागी ती टेकवायची नाही, फक्त वरून फिरवायची, हे तिला ठाऊक होतं. घडी घातली. खिशात चार मोठ्या पिना टाकल्या, वारा असतो खाली.

बाहेर पडताना तिने दार पार मागे, भिंतीला लागेपर्यंत उघडलं. वाऱ्याने ते परत येऊ नये म्हणून काहीतरी हवं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तीच इस्त्री, अजून कोमट असलेली, दाराच्या पायाशी टेकवली. मग कठडा धरून एकेक पायरी उतरली, पोत्याची घडी छातीशी धरली, आणि दवाने ओल्या गवतातून रस्त्याकडे निघाली.